भोंग्यापासून डी.जे.पर्यंत : झाडीपट्टीतील एका जोडधंद्याचा जमाखर्च

— एक ऊस उत्पादक सभासद



आपल्या या पत्रिकेत लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचटाचे खत अशा विषयांवर नेहमी लेख येतात, आणि ते यायलाच पाहिजेत. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात सध्या एक बोलणं चालू असतं. मुलगा म्हणतो, "बाबा, डी.जे.चा संच घेतो. लग्नसराईत पैसाच पैसा आहे. थोडं ऊसबिलातून द्या, बाकीचं कर्ज काढतो." बाप हो म्हणावं की नाही या विचारात. मी स्वतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत १९८३ पासून २०११ पर्यंत हा धंदा केला. पुढे सासरच्या गावी पाण्याखालची जमीन वाट्याला आली, ऊस लावला आणि आपल्या कारखान्याचा सभासद झालो. तेव्हा या धंद्यात पैसा कसा येतो, कसा जातो आणि कुठं अडकतो, ते जसं पाहिलं तसं मांडतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

झाडीपट्टी म्हणजे काय

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, आरमोरी, कुरखेडा, आणि वर भंडारा-गोंदियाचा काही भाग असा तो पसरलेला आहे. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी मी भोंगा हातात घेतला.

तिकडं ऊस नाही म्हटलं तरी चालेल. बांधी म्हणजे धानाची खाचरं, धुऱ्यावर तुरीची ओळ, आणि गाव संपलं की जंगल. माणसाच्या हाती रोकड यायच्या वेळा ठरलेल्या. धान विकलं की एकदा, आणि उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपत्त्याच्या वेळी एकदा. या दोन वेळा ध्यानात ठेवाव्यात. भोंगेवाल्याचं सगळं गणित पुढं त्यांच्यावरच बसतं.

भांडवल एका पेटीत मावायचे

त्या वेळचा संच म्हणजे किती? तीस वॅटचं एक मशीन, दोन भोंगे, त्यांची दोन युनिटं, एक माईक, एक रेकॉर्ड प्लेअर, तारेची दोन भेंडोळी आणि बारा व्होल्टची एक बॅटरी. मशीन शक्यतो आहुजाचं. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची, आणि खेड्यापाड्यांत भोंगा म्हटलं की तिचंच नाव निघायचं. मशीन विजेवरही चालायचं आणि बॅटरीवरही. जंगलातल्या कित्येक गावांत तेव्हा वीज पोचलेली नव्हती, पोचली होती तिथंही ती केव्हा जाईल याचा नेम नसायचा. म्हणून बॅटरी ही आमची लक्ष्मी. ती वडशाहून चार्ज करून आणायची, बंडीत तणसाच्या गादीवर ठेवायची, आणि नदी आडवी आली तर डोंग्यातून पलीकडं न्यायची.

तीस वॅटमध्ये आख्ख्या गावाला ऐकू कसं जायचं, असं आजची पोरं विचारतात. उत्तर भोंग्याच्या आकारात आहे. भोंग्याच्या बुडाशी असलेल्या युनिटमध्ये छोटा पडदा हलतो. त्याचा आवाज अरुंद तोंडातून निघून हळूहळू रुंदावत जातो आणि एका दिशेला फेकला जातो. मोटेचं पाणी पाटातून नेलं की लांब जातं, मोकळं सोडलं की जागीच जिरतं, तसाच हा प्रकार. भोंग्यात ढोलाचा दणका येत नाही, पण माणसाचं बोलणं स्वच्छ येतं. लांब तार टाकायची असेल तर मशीनच्या पाठीमागच्या शंभर व्होल्टच्या जोडणीवरून न्यायची, म्हणजे आवाज तारेतच मरत नाही.

माझ्या उस्तादांच्या पेटीत जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. या तबकड्या लाखेपासून बनत. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांपासून मिळणारं वनोपज. आमच्याच जंगलातल्यासारख्या झाडांची लाख कारखान्यात जाऊन तबकडी होई, आणि गाणं घेऊन परत जंगलातल्या लग्नात येई. पुढं प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या, त्या पडल्या तरी लगेच फुटत नसत.

वर्षाचे पंचांग

आपला गळीत हंगाम जसा ठरलेला, तसा भोंगेवाल्याचाही हंगाम ठरलेला होता. पोळा आणि गणपतीत बोहणी. नंतर दुर्गा-शारदा उत्सव. १६ ऑक्टोबरच्या सुमारास चंद्रपूरला मोठी गर्दी, कारण १९५६ साली त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं धम्मदीक्षेचा सोहळा केला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजनं. दिवाळी झाली की मंडई. मंडईच्या दिवशी गावात पाहुणे, लेकी-जावई, दुकानं, आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची यात्रा. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, १४ एप्रिलला भीमजयंती, आणि सगळ्यांच्या मधून लग्नं. मृग लागला की मशीन फडक्यात गुंडाळून माळ्यावर आणि आम्ही चिखलणीला.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भोंगा त्या काळी फक्त करमणुकीचा नव्हता. लसीकरणाचा दिवस, तेंदूचा फड सुरू होण्याची तारीख, हरवलेलं पोर, "जंगलात वाघ फिरून राहिला, मोहफुलं वेचाले एकटंदुकटं जाऊ नका" अशा सगळ्या सूचना त्यातूनच जायच्या. भोंगेवाल्याला गावात मान होता तो त्यामुळं.

नाटकाने शिकवलेली विद्या

गोंदिया-बल्लारपूर रेल्वेमार्गावरचं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. तिथं नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची माणसं तिथं येऊन हंगामाची नाटकं ठरवून जातात. दिवाळीपासून होळीपर्यंत, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडव पडतो. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाहेरच्या लोकांना झाडीपट्टीचं नाव नव्यानं कळलं. तिकडच्या माणसाला त्यांची थोरवी आधीपासून ठाऊक होती.

भोंगेवाल्याची खरी परीक्षा नाटकात. रंगमंचावर तीन-चार माईक वरून लोंबते सोडायचे. नट कुठं उभा राहणार, गाणं कुणाचं, हार्मोनियम-तबला कुठं, हे आधी विचारून घ्यायचं. माईकचं तोंड भोंग्याकडं झालं, की भोंग्यातला आवाज पुन्हा माईकात शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. उपाय साधा. भोंगे माईकच्या पुढं, तोंडं लोकांकडं, आणि आवाज गरजेपुरता. हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून बसलेली असतात. शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला नायिकेचा हुंदका ऐकू आला पाहिजे. आला, तर पुढच्या वर्षी मंडळी आपणहून निरोप धाडतात, "भोंगा त्याचाच लावजा गा."

म्हणजे नाटकात गिऱ्हाईक स्पष्टपणाला पैसे देत होतं. ही विद्या हाताला होती, तिला भांडवल फार लागत नव्हतं. माझी गिऱ्हाइकं वीस-वीस वर्षं टिकली ती याच विद्येवर.

कॅसेट आली आणि धंद्याचा आस बदलला

१९८०च्या दशकात कॅसेट आल्या. टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी त्यांच्या किमती इतक्या खाली आणल्या, की तबकड्यांचा जो साठा आम्ही पोटाला चिमटा काढून जमवला होता, त्याला कुणी विचारेना. आधी "अमुक गाणं त्याच्याकडंच आहे" म्हणून गिऱ्हाईक यायचं. कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, आणि आता मोबाईल. गाणं फुकटाच्या भावात झालं आणि सगळ्यांकडं तेच झालं.

इथं बारकाईनं विचार करावा. गाणं सगळ्यांकडं सारखं, मग एका भाडेकऱ्यानं दुसऱ्यापेक्षा वेगळं काय द्यायचं? उरला आवाजाचा मोठेपणा. शेजारच्या गावानं चार खोके लावले, आपण सहा लावायचे. त्यानं सहा लावले, आपण टेम्पोवर भिंत उभी करायची. डी.जे. या शब्दाचा मूळ अर्थ तबकड्या निवडून वाजवणारा माणूस. आपल्याकडं माणूस बाजूला राहिला आणि खोक्यांच्या भिंतीलाच डी.जे. म्हणू लागले.

हे आपल्याकडंच झालं असं नाही. जमैका नावाचं वेस्ट इंडिजमधलं बेट आहे, तेही आपल्यासारखंच उसाचं. तिथल्या किंग्स्टन शहरात १९५०च्या दशकात लोक मालमोटारीवर जनरेटर, तबकड्या आणि कपाटाएवढे स्पीकर लादून गल्लोगल्ली नाच भरवत. एकासमोर दुसरा उभा ठाकून आवाजाची झुंज लावी. त्यांच्यातले ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे दोघं पुढं स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करू लागले आणि त्यातून जगभर गाजलेलं संगीत जन्माला आलं. नुसती खोकी वाढवणाऱ्यापेक्षा नवीन काही देणारा पुढं जातो, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

आता गणिताचा भाग. हा भाग मुलाला जवळ बसवून वाचून दाखवावा.

आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. मशीनची ताकद दुप्पट केली, तर आवाज फक्त ३ डेसिबेलनं वाढतो. ३ डेसिबेलचा फरक कानाला जेमतेम कळतो. ऐकणाऱ्याला "दुप्पट मोठा" वाटावा यासाठी साधारण १० डेसिबेल वाढ लागते, आणि १० डेसिबेल वाढवायला ताकद दहापट लागते. हजार वॅटवाल्याला दुप्पट दणका द्यायचा तर दहा हजार वॅट लागणार. स्पीकर तितके, मशीनं तितकी, जनरेटर मोठा, डिझेल जास्त, गाडी मोठी, उचलायला पोरं जास्त. भाडं मात्र दहापट मिळत नाही, दुप्पट मिळालं तरी नशीब.

ऊसवाल्याला हे लगेच कळेल. युरियाचं पोतं दुप्पट टाकलं म्हणून टनेज दुप्पट येत नाही. एका मर्यादेपुढं खत जातं जमिनीत आणि पैसा जातो दुकानात. डी.जे.चं अगदी तसंच आहे.

उलट बाजूनं पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबेलनं कमी होतो. दहा मीटरवर १०० डेसिबेल असेल, तर वीस मीटरवर ९४, चाळीसवर ८८, ऐंशीवर ८२, एकशेसाठवर ७६. असंच पुढं जात राहिलं तर सव्वा किलोमीटरवर सुद्धा कागदावर ५८ डेसिबेल उरतो. घरं, झाडं, वारा यांनी तो कमी-जास्त होईल. पण नाचणाऱ्याला लागणारा आवाज गावाच्या वेशीपलीकडं जातो, एवढं यातून ध्यानात यावं. नाचणारे पन्नास असतात आणि ऐकावं लागतं साऱ्या गावाला.

कान आणि कायदा

कानाच्या आत अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. जाणकारांचा नियम असा, की ८५ डेसिबेलमध्ये दिवसाकाठी आठ तास काम चालेल. पुढं प्रत्येक ३ डेसिबेलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० ला पाव तास. डी.जे.च्या गाडीवर बसणारी मुलं त्या भिंतीला टेकून रात्र-रात्र काढतात. कानात गुणगुण सुरू होते, दोन दिवसांत थांबते, पुढच्या लग्नात पुन्हा होते. काही वर्षांनी ती थांबत नाही. माझ्या बरोबरीचे काही जण आज समोरच्याच्या ओठांकडं पाहून बोलणं ओळखतात. त्यांच्या कुठल्याही हिशेबवहीत हा खर्च लिहिलेला नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यांतल्या मुख्य गोष्टी अशा. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंदिस्त सभागृहाबाहेर तो बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या घोषित शांतता क्षेत्रात ५० व ४०. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी, रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये दिलेल्या निकालात रात्रीच्या या बंधनावर शिक्कामोर्तब केलं. ५५ च्या मर्यादेच्या भागात शंभरच्या पुढं वाजणारं यंत्र घेऊन धंदा करायचा, म्हणजे रोज कुणाच्या तरी मेहेरबानीवर जगायचं.

आणखी दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीची नोंदणी ज्या रूपात झाली त्यात परवानगीशिवाय फेरबदल करता येत नाही. टेम्पोचा सांगाडा कापून भिंत बसवली, की गाडी अडकण्याची भीती आहेच, शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो. दुसरी गोष्ट दिलाशाची. लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे सोहळे यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तिथं गाणी वाजवल्याबद्दल हक्काचे पैसे मागता येत नाहीत. मात्र तिकीट लावून नाच भरवला तर ही सूट लागू होत नाही.

झाडीपट्टीत या नियमाचा एक पेच आहे. तिथलं नाटक रात्रीच सुरू होतं आणि बांधीतल्या उघड्या मांडवात होतं. दहाचा नियम दणदणाटासाठी केला, पण त्याच्या कचाट्यात म्हातारीला हुंदका ऐकवणारा भोंगाही सापडतो. ज्यांनी भिंती उभारल्या त्यांच्यामुळं साध्या भोंगेवाल्यालाही परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

उधारीचे दुखणे

आपल्या उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचं संरक्षण आहे. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते आपण जाणतो, पण निदान मागायला आधार आहे. भोंग्याच्या भाड्याला असा कुठलाच आदेश नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी सासरी गेली, की भोंगेवाला कुणाला आठवत नाही. "धान इकल्यावर देतो गा." धान विकतं, पण खरेदी केंद्राचे पैसे यायला वेळ लागतो. "तेंदू झाल्यावर देतो." तेंदूचे पैसे येतात, तेव्हा बी-बियाण्याची घाई असते. माणसं लबाड नव्हती, त्यांच्याकडं रोकडच दोन वेळा यायची. मी पुढं पुढं निम्मं भाडं इसार म्हणून घेऊ लागलो आणि उरलेलं मांडव सोडण्याआधी. काही गिऱ्हाइकं तुटली, पण झोप लागू लागली.

एक नमुन्याचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या भागातले दर घालून ज्यानं त्यानं पुन्हा मांडावेत.

समजा गाडीसह संच १२ लाखांचा. घरचे ३ लाख, कर्ज ९ लाख. चौदा टक्के व्याज, चार वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे २४,६०० रुपये, वर्षाचे सुमारे २ लाख ९५ हजार.

वर्षाला ३५ कामं मिळाली आणि भाडं सरासरी १५ हजार धरलं, तर जमा ५ लाख २५ हजार. डिझेल, पोरांची मजुरी, जेवणखाण धरून दर कामाला ६ हजार, म्हणजे २ लाख १० हजार खर्च. उरले ३ लाख १५ हजार. जळालेल्या कॉइल, मशीनची दुरुस्ती, गाडीचा विमा व कर यांचे ६० हजार वजा जाता २ लाख ५५ हजार. हप्ता २ लाख ९५ हजार. वर्षाअखेर ४० हजारांची तूट, आणि मालकानं स्वतःची मजुरी एक पैसाही घेतलेली नाही. त्यात पाचातलं एक भाडं बुडालं वा लांबलं, तर आणखी १ लाख ५ हजारांचं भोक. चार वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा संच जुना झालेला असतो आणि शेजारच्या गावात त्याहून मोठी भिंत आलेली असते.

हप्ता दर महिन्याला असतो. काम मात्र सहा-सात महिने. मृगापासून पोळ्यापर्यंतचे हप्ते कशातून भरणार, हा प्रश्न बापानं पहिल्यांदा विचारावा.

हंगाम बुडतो तेव्हा

माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा होता. माईकची जाण चांगली, स्वभाव गोड. २०१२ साली त्यानं माझ्याकडून नाटकाची गिऱ्हाइकं घेतली आणि वर डी.जे.चा संच कर्जानं उभा केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. झाडीपट्टीत पट आणि नाटक यांची जोडी असते. दिवसा पट, त्या निमित्तानं आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक. पट गेल्यानं कित्येक गावची त्या निमित्तानं होणारी गर्दी आटली. महाराष्ट्रात अटींसह शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या काळात मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, ऐन लग्नसराईच्या तोंडावर. लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली. तिथं डी.जे. कोण बोलावणार?

कर्ज देणाऱ्यांनी गाडी ओढून नेली. भिंतीचे खोके त्यानं मिळेल त्या भावानं फुंकले. पण माईक, मिक्सर आणि जुने भोंगे त्यानं विकले नाहीत. ते कर्जाशिवाय घेतलेले होते. आज तो नाटकाच्या हंगामात आवाजाचं काम करतो, उरलेल्या दिवसांत धान करतो. हप्ता नाही, त्यामुळं एखादा हंगाम बुडाला तरी घर बुडत नाही. भेटला की म्हणतो, "मामा, जे रोखीनं घेतलं तेच वाचलं."

सारांश

धंदा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या दोन मुलींची शिक्षणं भोंग्यानं केली. पण जो धंदा भांडवलाच्या चढाओढीवर चालतो त्यात लहान माणूस टिकत नाही, आणि जो हाताच्या कसबावर चालतो त्यात टिकतो. म्हणून ज्या घरात हा विचार चालू असेल त्यांनी एवढं पाहावं.

१) आधी दोन हंगाम दुसऱ्याच्या संचावर काम करावं. आवाजाची जाण आणि गिऱ्हाईक, दोन्ही तिथंच मिळतात.

२) सुरुवात लहान संचानं, शक्यतो रोखीनं करावी. सभा, कीर्तन, भजन, शाळेचं संमेलन, नाटक यांना स्पष्ट आवाज लागतो, भिंत लागत नाही.

३) पावसाळ्याचे हप्ते कशातून जाणार हे लिहून काढल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये. ऊसबिल हे खोडव्याच्या खतासाठी आहे, हे विसरू नये.

४) निम्मा इसार घेतल्याशिवाय तारीख देऊ नये.

५) परवानगीचा कागद खिशात असावा, आणि घड्याळात दहा वाजले की बटण बंद करावं. वराती नाराज होतील, पण गाडी घरी येईल.

६) गाडीवरच्या मुलांना कानात घालायचे बोळे घेऊन द्यावेत. त्यांची किंमत चहाच्या काही कपांएवढी असते.

आपल्या घरी असा संच असेल, तर आपापल्या भागातला हिशेब संपादकांकडे जरूर लिहून पाठवावा. चार जणांचे खरे आकडे एकत्र आले, तर पाचव्याच्या मुलाला निर्णय घ्यायला सोपं जाईल.